राईतल्या किड्याचं नाव

मी दोन नावं तोंडानं घेत नाही. एक आमच्या ह्यांचं. ते मानानं घेत नाही. आईनं वडिलांचं घेतलं नाही, सासूबाईंनी मामंजींचं घेतलं नाही, मीही उखाण्यापुरतं घेतलं आणि विषय संपवला. दुसरं नाव एका किड्याचं आहे. ते मी रागानं घेत नाही. लोक म्हणतात, बाई, इतकी वर्षं झाली, आता सोडा. का सोडा? राग धरायला काही कारण असतं, आणि माझं कारण अजून छापील आहे. ग्रंथालयात जाऊन कुणीही वाचावं.

तो किडा मी शोधला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं शंका नको.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मी पुण्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. ह्यांची नोकरी रेल्वेच्या ऑफिसात, म्हणून लोणावळ्याला बिऱ्हाड केलं आणि तिथल्या मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवू लागले. गावात शहाण्यांची वाण नव्हती. बाजारात भाजी घेताना एका सद्गृहस्थांनी मला विचारलं होतं, "मुलींना बेडूक फाडायला शिकवणार म्हणे?" मी म्हटलं, "बेडकाचं नंतर बघू, विचारणाऱ्यापासून सुरुवात करावी म्हणते." त्यानंतर ते दुसऱ्या भाजीवालीकडे जायला लागले.

माझे कॉलेजातले प्रोफेसर किड्यांचे मोठे जाणकार मानले जात. खोटं कशाला बोलू, शिकवायचे उत्तम. किडा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चिकटवला की त्याच्याखाली चिठ्ठी लावायची: कुठं सापडला, कशात, केव्हा, कुणाला. "चिठ्ठी खोटी असेल तर किडा कचरा," हे त्यांचं आवडतं वाक्य. आईचं सांगणं पदराला बांधावं तसं मी ते बांधून ठेवलं होतं. मी लोणावळ्याला निघाले तेव्हा ते म्हणाले, "डोंगरात राहणार आहात, तर पाचोळ्यातले भुंगेरे जमवा. तिकडचा पाचोळा कुणी चाळलेलाच नाही." झालं. मी पोह्यांची चाळण घेतली, ह्यांचं जुनं धोतर फाडून त्याचा पांढरा चौकोन केला आणि रविवारी डोंगरात जाऊ लागले. मुलं सासूबाईंकडे. त्या बिचाऱ्या शेजाऱ्यांना सांगायच्या, "सून देवदर्शनाला गेलीय."

मला हवा होता तो एक विशिष्ट कुळातला भुंगेरा. जिऱ्याच्या दाण्याएवढा. ह्याच्या पाठीवरची पंखांची झाकणं अर्ध्यातच संपतात, आखूड बंडी घातल्यासारखी, आणि खालचं लांबट पोट उघडंच राहतं. डिवचलं की विंचवासारखं शेपूट वर करतो. नांगी नसते काही, नुसती ऐट. कुजत्या पानांत राहून बारीक अळ्या, माश्यांची पिल्लं मटकावतो. अशा किड्यांच्या जाती जगात मोप, आणि आमच्या डोंगरांतल्या कुणी मोजलेल्याच नाहीत.

पण डोंगरात पाचोळा होता कुठं? मावळात भाताचं रोप करायचं तर आधी राब भाजतात. रोपाच्या वाफ्यावर शेण, फांद्या आणि पाचोळा पसरून पेटवून देतात, मग पाऊस पडला की त्यात साळ पेरतात. त्यासाठी शिमग्यापासून बायका डोंगराचा डोंगर झाडून नेतात. त्यांचं काही चुकत नाही. भात खायचा तर राब भाजलाच पाहिजे. मात्र मला जिथं जावं तिथं जमीन स्वच्छ. वर्षाच्या वर जुनं पान म्हणून सापडेना.

जुनी पानं सापडली ती राईत. मळवली स्टेशनावर उतरून डोंगर चढला की वर एक वाडी होती, आणि वाडीच्या मागं देवीची राई. आत पाऊल टाकलं तर पाय घोट्यापर्यंत पाचोळ्यात. किती पिढ्यांची पानं एकावर एक बसली होती कुणास ठाऊक. मी तिथंच फतकल मारली आणि चाळण काढली, तोच मागून आवाज आला.

"बाई, हितलं काय उचलायचं न्हाई."

हे आबा. वाडीतले वडीलधारे, देवीची पूजा ह्यांच्या घरात. बरोबर त्यांची बायको, जिला पुढं मी मावशी म्हणू लागले. मी सांगितलं की मला पाचोळा घरी नेऊन चाळायचा आहे. आबांनी मान हलवली. राईतलं पान बाहेर जात नाही. वाळलेलंसुद्धा नाही. राबाला नाही, चुलीलाही नाही. "माज्या चुलत्यानं येक डाव काटकी न्हेली व्हती दात कोरायला," ते म्हणाले, "त्येचा दातच पडला."

"आबा, मला पानं नकोत हो. पानांखालचे किडे हवेत."

"किडं?" मावशीनं पदर तोंडाला लावला. "कशाला? खायाला?"

"बघायला."

"अगं बया! बगायला तर हितं बसून बगा की."

पण आबा म्हणाले, असं नाही, देवीला विचारू. म्हणजे कौल लावायचा. शेंदूर माखलेल्या त्या दगडाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्याआधी मावशीनं मला बाजूला घेऊन हळूच "अडचण न्हाई न्हवं?" विचारलं. मी नाही म्हटलं. मग पहिला प्रश्न, पानं न्यायची का? डावी पाकळी अशी टपकन पडली की मला हसूच आलं. दुसरा प्रश्न, बाईंनी इथं बसून किडे न्यायचे का? बराच वेळ काहीच हलेना. माझ्या पायाला मुंग्या आल्या. शेवटी उजवी पडली, आणि आबांनी निवाडा सांगितला, "पानं देवीची. किडं काय, आपल्या पायानं येत्यात नि आपल्या पायानं जात्यात."

माझा कौलावर विश्वास होता का? नव्हता. पण घर ज्याचं, रीत त्याची. पाहुण्यानं यजमानाच्या घरी वाद घालू नये, इतकं मला कॉलेजात जायच्या आधीपासून कळत होतं.

तेव्हापासून मी राईत बसूनच चाळू लागले. मूठभर पाचोळा चाळणीत घ्यायचा, पांढऱ्या धोतरावर हलवायचा, खाली पडलेलं बारीक चिरीमिरी जनावर रबरी नळीनं ओढून काचेच्या बाटलीत घ्यायचं, आणि पानं होती तिथं परत. मावशी शेजारी बसून तंबाखू मळायची आणि मला घरचं सगळं विचारायची. "सासू खाते का गं तुज्या हातचं?" असं. आणि भाद्रपदातल्या एका दुपारी तो दिसला. काकवीच्या रंगाचा, झाकणांवर दोन पिवळे ठिपके. मी कित्येक भुंगेरे पाहिले होते, पण हा नव्हता पाहिला. मी अशी ओरडले की मावशी म्हणाली, "चावलं का काय?"

एकच सापडला, आणि ती मादी होती. मी तिला पुठ्ठ्यावर चिकटवलं, खाली चिठ्ठी लावली, वाडीचं नाव, 'देवीच्या राईतला पाचोळा', तारीख आणि माझं नाव. आणि पुण्याला प्रोफेसरांकडे घेऊन गेले. त्यांनी कॉलेजातले सगळे नमुने काढले, जाडजूड ग्रंथ उघडले, संध्याकाळपर्यंत मान वर केली नाही. मग चष्मा काढून म्हणाले, "बाई, ही नवी जात आहे."

त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगायला लाज कसली? मला नाचावंसं वाटलं. जगातल्या एका जिवाला अजून नाव नव्हतं आणि ते आता आम्ही ठेवणार होतो. मी लगेच म्हटलं, "सर, नाव त्या वाडीचं द्यायचं." कारण राई राखली वाडीनं. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एक काटकी उचलली नाही म्हणून तो किडा जगला. नाहीतर कधीच राबात भाजून निघाला असता. "देऊ की," सर म्हणाले. "आपण दोघं मिळून वर्णन छापू." हे शब्द त्यांचेच आहेत. त्या भरवशावर मी मादी त्यांच्याकडेच ठेवली.

पण वर्णनाला नर हवा होता. ह्या किड्यांच्या जाती बाहेरून एकसारख्या दिसतात. नराच्या पोटाच्या टोकात जननाचा एक कठीण अवयव असतो, त्याचा आकार मात्र जातीजातीत वेगळा. तो कोरून काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा आणि चित्र काढायचं. मी म्हटलं, मी नर शोधते आणि अवयव काढते. सरांनी घसा खाकरला. खिडकीबाहेर पाहिलं.

"नर मिळाला की माझ्याकडे पाठवा. तो भाग... म्हणजे त्या अवयवाचं काम... बाईमाणसानं करणं बरं दिसत नाही."

ऐकलंत? दोन बाळंतपणं झालेली बाई मी! आणि जिऱ्याएवढ्या किड्याच्या त्या अवयवानं माझी अब्रू जाणार होती! तळपायाची आग मस्तकात गेली. पण गुरू होते, आणि काम अर्ध्यात होतं. मी मूग गिळून गप्प बसले. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे इतके हसले की सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मग त्यांना काय सांगायचं हा ह्यांना प्रश्न पडला.

दिवाळीच्या सुट्टीत सरांचा निरोप आला. ते स्वतः राई पाहायला येणार, आणि बरोबर सरकारी खात्यातला एक बडा गोरा साहेब असणार. साहेबाचा लोणावळ्यात बंगला होता, आणि त्याला निसर्गाची आवड होती म्हणे. मला आनंदच झाला. इतक्या जणांनी चाळलं तर नर मिळेल, असा माझा साधा हिशेब. मी वाडीवर जाऊन सांगितलं, "माझे गुरू येणार आहेत राई बघायला, बरोबर एक साहेबपण आहे." आबांनी हात जोडले. "बाईचं गुरू म्हंजी आमचं बी गुरू," म्हणाले.

ठरल्या सकाळी मी त्यांच्यासोबत साहेबाच्या मोटारीतून निघाले. कार्ल्यापर्यंत रस्ता बरा होता, पुढं बैलगाडीची वाट. मोटार कशीबशी राईच्या खालपर्यंत आली. पुढं मी, मागं सर, त्यांच्यामागं साहेब आणि घडीची खुर्ची घेतलेला ड्रायव्हर. राईच्या तोंडाशी आले आणि माझे पायच थांबले.

राई झाडून काढली होती! एक पान नव्हतं खाली. जमीन शेणानं सारवली होती, वर रांगोळी, झाडाझाडांना आंब्याच्या पानांचं तोरण. वाडीतल्या सगळ्या बाया नवी लुगडी नेसून उभ्या होत्या आणि मावशी पुढं येऊन म्हणाली, "बाई, तुज्या गुरूच्या पायाला येक काडी लागू दिली न्हाई बग."

मला रडू यावं की हसू यावं कळेना. पाहुणा यायचा तर अंगण झाडायचं, ही त्यांची रीत. बाईंचे गुरू येणार, आणि त्यांना काय कचऱ्यात बसवायचं? झाडायच्या आधी आबांनी कौलही लावला होता. देवी म्हणाली होती, झाडा. आणि झाडलेला सगळा पाचोळा त्यांनी राईच्या आतच, देवीच्या मागं, पुरुषभर उंच रचून ठेवला होता. पान बाहेर गेलं नव्हतं. त्यांचं कुठं चुकलं? मला हवं होतं तेवढंच नेमकं त्यांनी प्रेमानं झाडून काढलं होतं, एवढंच.

साहेब खूश. त्यानं रांगोळीचा फोटो काढला, खुर्ची टाकून बसला, मावशीनं दिलेलं म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला आणि त्याला कसलीही तक्रार नव्हती. तक्रार होती ती सरांची. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "अडाणी! मूर्ख! सगळ्याचा सत्यानाश करून ठेवलात!" असं ते त्या हात जोडून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला सगळ्यांदेखत बोलले. आबांना कळेचना काय झालं. त्यांनी पुन्हा हात जोडले.

"सर, पाचोळा आहे ना, तो ढीग," मी म्हटलं. "मी इथंच चाळते. संध्याकाळपर्यंत निम्मा होईल."

"वेळ कुणाला आहे? साहेबांना चहाला परतायचंय." आणि ड्रायव्हरला म्हणाले, "मोटारीतली पोती आण. भर हे सगळं. कॉलेजात नेऊन चाळू."

आबा सरांना आडवे आले. "सायेब, पान भायेर जात न्हाई."

"बाजूला व्हा. ह्याच अंधश्रद्धेमुळं देश मागं राहिलाय."

आता बघा. ज्या श्रद्धेमुळं राई राहिली, राईमुळं पाचोळा राहिला आणि पाचोळ्यामुळं किडा राहिला, त्याच श्रद्धेला शिव्या घालत हा माणूस तोच किडा पोत्यात भरत होता. मी सांगितलं, "सर, मी ह्यांना शब्द दिलाय. इथलं पान मी नेणार नाही म्हणून." ते म्हणाले, "तुम्ही दिलाय, मी नाही दिला."

ड्रायव्हर मावळातल्याच परंदवडी गावचा. त्यानं एक पोतं निम्मं भरलं आणि तोंड न बांधताच खाली ठेवलं. "म्या न्हाई उचलनार, सायेब," तो म्हणाला. "आमच्याकडं बी हाय असं रान. मला पोरंबाळं हायेत." मग सरांनी स्वतः पोतं उचललं. कोटबूट घातलेला विद्वान माणूस, पोतं पोटाशी धरून सारवलेल्या जमिनीवरून रांगोळी तुडवत निघाला. वाडी नुसती बघत होती. तेच मला सोसवलं नाही.

मी पुढं झाले, पोत्याचं खालचं टोक धरलं आणि उलटं केलं. सगळा पाचोळा सरांच्या बुटांवर.

साहेब खुर्चीवरून हसला. त्याला तो खेळ वाटला असावा. सर हसले नाहीत. परतताना मोटारीत मला बसवलंसुद्धा नाही. मी मळवलीपर्यंत चालत आले आणि गाडीनं घरी गेले. वाटभर मी रागानं स्वतःशीच बोलत होते, पण केल्याचा पश्चात्ताप त्या दिवशी झाला नाही आणि आजही नाही.

आणि गंमत बघा! ज्या झाडलोटीला सर सत्यानाश म्हणाले, तिनंच काम केलं. थंडी पडली, डोंगर वाळून खडखडीत झाला, पण त्या ढिगाच्या पोटात ओल टिकून राहिली. राईतले असतील नसतील तेवढे किडे तिथं गोळा झाले. मी रविवारी जाऊन बसायची, ढिगाच्या बुडातला पाचोळा चाळायची, आणि एका रविवारी चाळणीखाली ते पिवळे ठिपके पुन्हा दिसले. एक नव्हे, पुष्कळ. त्यांत नरही होते. मी मावशीला मिठीच मारली. "पोरी, तंबाकू सांडली की," ती म्हणाली.

तो अवयव मी काढला. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली, शिवणाच्या सगळ्यात बारीक सुईनं, श्वास रोखून. हे दिवा धरायला बसले होते आणि मुद्दाम तोंड दुसरीकडे करून म्हणत होते, "मी बाई लाजतो हं!" मी म्हटलं, दिवा हलवलात तर तुमचं काही खरं नाही. टोकाशी बाकदार, मधे एक दात, असा तो अवयव निघाला. कुठल्याही ग्रंथातल्या चित्राशी जुळेना. मी त्याचं चित्र काढलं. मग वर्णन लिहायला घेतलं. डोक्याची रुंदी, मिशांचे पेर, झाकणांवरचे बारीक खळगे, ठिपक्यांचा आकार. एकेक शब्दावर अडायची. 'काकवीसारखा' हा रंग इंग्रजीत कसा लिहावा ह्यावर मी सबंध आठवडा घालवला. शेवटी नावाची जागा आली. तिथं मी वाडीचं नाव लिहिलं, आणि खूप वेळ त्याच्याकडे बघत बसले.

छापायला पाठवायचं पाकीट बांधून तयार होतं, आणि त्याच आठवड्यात टपालानं सरांकडून एक छापील लेख आला. वर त्यांच्या हस्ताक्षरात 'सप्रेम भेट'.

सप्रेम! काय हे धाडस! लेखात माझी मादी होती. वर्णन घाईघाईनं केलेलं, मिशांचे पेरसुद्धा धड मोजलेले नाहीत. लिहिणारे ते एकटे. किड्याला नाव दिलं होतं त्या गोऱ्या साहेबाचं. आणि सापडल्याची जागा? 'लोणावळा, साहेबांच्या बंगल्याची बाग. गोळा करणार: साहेब.' ज्यानं पाचोळ्याला बोटही लावलं नाही, दूध प्यायला आणि फोटो काढला, तो! आणि ती बाग मला ठाऊक होती. रोज झाडून घेतलेली, लाल वाळू टाकलेली. तिथं झुरळ जगायचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग तुमचं वर्णन छापायचं की. ह्या शास्त्राचा कायदा असा आहे की ज्यानं आधी छापलं त्याचं नाव कायम. वर्णन तोकडं असो, जागा खोटी असो, नाव हलत नाही. सूर्यचंद्र असेतो त्या किड्याला सगळ्या जगानं तेच म्हणायचं.

मी दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकली आणि पुण्याला गेले. सर प्रयोगशाळेत होते. मला पाहून बसा म्हणाले. मी बसले नाही.

"माझी चिठ्ठी कुठं आहे?"

"कुठली चिठ्ठी?"

"मादीच्या खाली लावलेली. माझ्या हातची."

"अहो बाई, त्या वाडीचं नाव परदेशात कोण ओळखतं? लोणावळा म्हटलं की सगळ्यांना कळतं. बाग काय नि राई काय, किड्याला थोडंच समजतं?" मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि त्या दिवशी साहेबांसमोर तुम्ही जे केलंत, त्यानंतर तुमचं नाव कसं घालणार होतो मी?"

म्हणजे पोत्याचा सूड किड्यावर. मी म्हटलं, "सर, चिठ्ठी खोटी असेल तर किडा कचरा. हे मला कुणी शिकवलं?"

ते टेबलावर चष्मा शोधायला लागले. तो त्यांच्या कपाळावरच होता. मी सांगितलं नाही. नमस्कार न करता निघाले. गुरूला नमस्कार न करता मी आयुष्यात तेवढी एकदाच निघाले आहे.

नराचं वर्णन मी छापलं. मुंबईच्या एका नियतकालिकानं शेवटच्या पानावर बारीक टायपात घेतलं, पण घेतलं. त्यात मी स्पष्ट लिहिलं की ही जात बागेत नाही, राईत आहे, आणि वाडीचं नाव लिहिलं. पण किड्याचा उल्लेख मला साहेबाच्या नावानंच करावा लागला. तो शब्द माझ्या हातानं लिहिताना मला आईवरून शिवी खाल्ल्यासारखं झालं. घरी आले की उगाच भांडी आपटायची. हे म्हणाले, "अगं, निदान जागा तरी खरी झाली." ते खरंच होतं, पण मला त्या वेळी कुणाचं खरं ऐकायचं नव्हतं.

वाडीवर जायला मी टाळाटाळ केली. काय तोंड दाखवायचं? शेवटी मावशीचाच निरोप आला, पोरगी रुसली का म्हणून. गेले. राईत पुन्हा पानं पडली होती, घोट्याइतकी नव्हेत, पण जमीन झाकली होती. आबा आणि मावशी देवीपाशी बसले होते. मी छापील कागद दाखवला, चित्र दाखवलं. मावशीनं त्या अवयवाच्या चित्राकडे बोट केलं, "ह्ये काय गं?" मी सांगितलं. ती इतकी हसली की आबांनी तिला दटावलं.

मग आबांनी विचारलं, "नाव काय ठेवलं?"

मी सगळं सांगितलं. वाडीचं ठेवायचं होतं, ठेवता आलं नाही; त्या दिवशी खुर्चीवर बसलेल्या साहेबाचं ठेवलं; आता बदलता येत नाही. सांगता सांगता मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. आबा शांतपणे ऐकत होते. त्यांना वाडीचं नाव गेल्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. त्यांना भलतंच काही खटकलं होतं.

"कौल लावला व्हता का?"

"कसला?"

"नावाचा. किडं देवीच्या रानातलं. तुमी बसाया आलात तवा बी आपुन इचारलं. झाडाया घेतलं तवा बी इचारलं. मंग नाव ठिवताना इचारलं का न्हाई कुनी?"

मी मान हलवली. आबा उठले. हात धुतले, दोन पाकळ्या ओल्या केल्या आणि देवीला दोन्ही अंगांना चिकटवल्या. ते नाव त्यांना उच्चारता येईना, म्हणून मला म्हणाले, तुमीच सांगा. मी सांगितलं. ते मी मोठ्यानं उच्चारलेलं शेवटचं. आबांनी प्रश्न विचारला आणि आम्ही तिघं बसून राहिलो. वारा नव्हता. मावशीची तंबाखू तळहातावर तशीच.

डावी पडली.

"झालं," आबा म्हणाले. "ह्ये नाव हितं चालायचं न्हाई."

माझा कौलावर विश्वास नव्हता, हे मी वर लिहिलं आहे. पण घर ज्याचं, रीत त्याची, हेही लिहिलं आहे. जगातल्या ग्रंथांत ते नाव आहे आणि राहील. त्याला माझा इलाज नाही. पुढं मुलींना शिकवताना मी त्याला राईतला भुंगेरा म्हणत आले. एकदा एका मोठ्या विद्वानांनी भर सभेत मला विचारलं, "बाई, तुम्ही नर शोधलात, त्या जातीचं नाव काय हो?" मी म्हटलं, "छापलेलं आहे, वाचा." आणि ह्या पानांवरही तुम्हाला ते सापडणार नाही. शोधू नका, मी लिहिलेलं नाही.